पुन्हा पुन्हा येणारा इशारा

४ डिसेंबर २०२३ रोजी मिचाँग चक्रीवादळाच्या पावसानं चेन्नई पाण्याखाली गेली. गिंडीला लागून असलेल्या वेळचेरीत तळमजले बुडाले, अपघात नकोत म्हणून वीज तोडली गेली आणि सखल भागांत ती परत यायला दिवस लागले. इतक्या लांबलेल्या अंधारानंतर जुना डेस्कटॉप चालू करणाऱ्यांना एक ठरलेला अनुभव येतो. यंत्र कोरडं असतं, विंडोज नीट उघडतं, वायफाय लागतं. पण बँकेची साइट उघडायला गेलं की लाल त्रिकोण. जीमेल उघडलं, लाल त्रिकोण. रेल्वेचं आरक्षण, विजेचं बिल, सकाळचं वर्तमानपत्र, सगळीकडे एकच मजकूर: तुमचं कनेक्शन खासगी नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरू पाहत असेल. घरात एकच निष्कर्ष निघतो, व्हायरस शिरला. दुकानदाराला फोन केला तर तो फॉरमॅट मारायला सांगतो.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख मात्र कोणी वाचत नाही. तिथे १ जानेवारी २०१५ असं काहीतरी दिसत असतं.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक चपटी बॅटरी असते. सीआर २०३२ हे तिचं नाव, तीन व्होल्टची, वीस मिलिमीटर व्यासाची. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. भिंतीतून वीज येत असते तोवर घड्याळाला ती पुरते आणि बॅटरीला आराम मिळतो. वीज पूर्ण गेली की सगळा भार बॅटरीवर. पाच-सहा वर्षं जुनी बॅटरी चार दिवसांच्या अंधारात मान टाकते आणि घड्याळ थेट कारखान्यात बसवलेल्या तारखेवर जाऊन थांबतं.

आता तारखेचा आणि बँकेच्या साइटचा संबंध काय? प्रत्येक सुरक्षित साइट आपली ओळख पटवण्यासाठी ब्राउझरला एक सर्टिफिकेट दाखवते. त्यावर साइटचं नाव असतं, ते कोणी दिलं हे असतं आणि कधीपासून कधीपर्यंत चालेल हेही असतं. लोकलच्या पासासारखंच. तपासनिसाच्या मनगटावरचं घड्याळ दहा वर्षं मागे असेल तर डब्यातल्या एकूण एक प्रवाशाचा पास त्याला बोगस वाटणार. ब्राउझरचं तसंच होतं. त्याच्या लेखी आज २०१५ साल आहे आणि समोरचं सर्टिफिकेट अजून सुरूच व्हायचंय. म्हणून तो अडवतो. साइट खरी, ब्राउझर प्रामाणिक, खोटं बोलतंय ते आपलंच घड्याळ. त्या लाल पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असा सांकेतिक शब्द असतो. क्रोमला खात्री वाटली तर तो ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असं स्पष्टच सांगतो. पण लाल रंग दिसला की माणूस खालचं वाचत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

वादळ नसतानाही हा प्रकार आपल्याकडे जास्त का दिसतो, याला आपली एक चांगली सवय कारणीभूत आहे. भारतातल्या प्लगना भिंतीवर स्वतंत्र बटण असतं आणि रात्री ते बंद करायचं वळण घराघरांत आहे. वीज वाचते, विजांच्या गडगडाटात यंत्रही वाचतं. पण मग रोजची दहा-बारा तासांची रात्र ती बॅटरीच काढते. ती मरायला टेकली की दुखणं रोज सकाळी उगवतं. तारीख हातानं दुरुस्त करावी तर दिवसभर सगळं सुरळीत, दुसऱ्या दिवशी परत २०१५. काही घरांत कॉम्प्युटर चालू करताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस’विषयी काहीतरी लिहून येतं, एफ-१ दाबा म्हणून सांगितलं जातं आणि मंडळी वर्षानुवर्षं निमूटपणे एफ-१ दाबत राहतात. ती ओळ म्हणजे बॅटरीचा शेवटचा निरोप असतो.

विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवतं, मग हे का जुळवत नाही, असं कोणी विचारेल. शंका रास्त आहे. पण ही सेवा सावध बेतलेली आहे. घरगुती विंडोजच्या मूळ मांडणीत घड्याळ आणि इंटरनेटची वेळ यांत १५ तासांहून जास्त अंतर असेल तर ती सेवा स्वतःहून वेळ बदलत नाही. इतका मोठा फरक म्हणजे काहीतरी गफलत, असं ती धरून चालते. काही तासांची चूक दुरुस्त व्हावी आणि दहा वर्षांची तशीच राहावी, यात तिच्या बाजूनं तर्क आहे. आपल्या बाजूनं वैताग.

उपाय पन्नासेक रुपयांचा आहे. यंत्र बंद करायचं, प्लग काढायचा, बाजूचा पत्रा उघडायचा. बॅटरीची अधिक चिन्हाची बाजू वर असते, ती लक्षात ठेवायची. कडेची बारीक पट्टी नखानं मागे सारली की जुनी उडी मारून बाहेर येते. नवी बसवल्यावर तारीख एकदा हातानं लावायची आणि टाइम झोन तपासायचा. विंडोजच्या यादीत आपला टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ असा लिहिलेला आहे. पुष्कळदा तिथे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ निवडलेली राहते आणि कोणीतरी काटे हातानं फिरवून भारतीय वेळ दाखवलेली असते. मग घड्याळ दिसायला बरोबर, पण आतला हिशेब बारा-तेरा तासांनी चुकलेला. मग ज्यांच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आलीय अशा साइट्स अडतात.

त्या यादीत चेन्नईचं नाव पहिलं आहे ते निव्वळ इंग्रजी वर्णक्रमानं. पण इतिहासाच्या हिशेबानंही तो मान तिचाच म्हणायला हरकत नाही. नुंगंबाक्कममध्ये १७९२ साली मद्रास वेधशाळा उभी राहिली. तिथले खगोलशास्त्रज्ञ मायकेल टॉपिंग यांनी १७९४ मध्ये सर्वेक्षण शिकवणारी शाळा काढली. तिचंच पुढे गिंडीचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं. या वेधशाळेच्या रेखांशावर बेतलेली मद्रास वेळ रेल्वेनं देशभर वापरली. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मद्रासची घड्याळं नऊ मिनिटं पुढे करावी लागली. मुंबईकरांनी तर आपली ३९ मिनिटं मागची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही. तेव्हा नऊ मिनिटांनी फार तर गाडी चुकायची.

घड्याळाचा हा किस्सा लांबवला, कारण एरवी क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट पुढे आणखी बोचणार आहे. २०२० पासून साइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्यानं ४७ दिवसांवर आणायची. मुदत जितकी आखूड, तितकी चुकलेल्या घड्याळाला माफी कमी. शिवाय इथेच या प्रकरणाचं सूत्र हाती लागतं. इशारा परत परत येत असेल तर तो बंद कसा करायचा हे नंतर बघू. तो कोण देतंय आणि कशाच्या आधारावर देतंय, हे आधी बघू. इशारा परत येतो कारण त्याचं कारण जागच्या जागी असतं, आणि ते कारण इशारा सांगतो त्या ठिकाणी असेलच असं नाही.

सर्टिफिकेटच्या इशाऱ्यांत घड्याळाखालोखाल येतो तो विश्वासाच्या यादीचा घोळ. कोणाकोणाच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा याची एक यादी प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते आणि ती अपडेटबरोबर ताजी होत असते. ज्या घरात ‘अपडेट केलं की मशीन स्लो होतं’ म्हणून अपडेट कायमचं बंद केलेलं असतं, तिथे ही यादी शिळी होते. लाखो साइट्सना फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जुन्या उपकरणांसाठी ज्या मूळ सर्टिफिकेटच्या आधारानं उभी होती, ते ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं. त्या दिवशी जगभर जुन्या यंत्रांवर चांगल्या चालत्या साइट्स एका रात्रीत ‘असुरक्षित’ झाल्या. साइट्स बदलल्या नव्हत्या, जुन्या यंत्रांना नव्या मूळ सर्टिफिकेटची ओळख नव्हती. अशा यंत्रावर दर साइटला इशारा ओलांडत बसणं हा उपाय नाही. अपडेट घ्यावं, आणि ज्या विंडोजला अपडेट मिळणंच थांबलंय ते बँकेच्या कामाला वापरू नये. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. त्याबद्दलची सूचना पडद्यावर पुन्हा पुन्हा येत असेल तर ती खरी आहे. ती टाळू नका.

हे सर्टिफिकेटचं काटेकोरपण फाजील आहे, असं वाटत असेल तर २०१४ चा जुलै आठवा. गूगलच्या नावानं, गूगलला न विचारता काढलेली सर्टिफिकेट २ जुलैला गूगलच्या नजरेला आली. ती काढली गेली होती भारत सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून. विंडोजचा या साखळीवर विश्वास होता, म्हणून धोका विंडोजवाल्यांना. फायरफॉक्सची यादी वेगळी होती, तिथे तो नव्हता. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी एनआयसीच्या साखळीची मान्यता तातडीनं काढून घेतली, मायक्रोसॉफ्टनं विंडोजला तशी सूचना पाठवली आणि गूगलनं क्रोममध्ये भारतीय मूळ सर्टिफिकेटची धाव सरकारी आणि मोजक्या इतर पत्त्यांपुरती आखून टाकली. असं खोटं सर्टिफिकेट हाती असलेला माणूस मधल्या वाटेवर बसून तुमचं जीमेल वाचू शकतो आणि तुमच्या ब्राउझरला काहीही खटकत नाही. इशारा येतो तेव्हा यंत्रणा चालू असते. न येण्याची भीती अधिक धरावी.

तरीही काही इशारे असे आहेत की ते ओलांडल्याशिवाय काम होत नाही, आणि ती सवय आपल्याला सरकारी कामानंच लावली. गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ पासूनची, लहान लहान कारखान्यांची. तिथल्या असोत की पिंपरी-चिंचवडच्या, कंपनी म्हणून नोंदलेल्या छोट्या उद्योगांना जीएसटीचं विवरणपत्र भरताना डिजिटल सही करावी लागते. ती सही यूएसबी टोकनमध्ये असते आणि एमसायनर नावाच्या सॉफ्टवेअरमार्फत लागते. ‘सर्व्हरशी संपर्क झाला नाही’ असं आलं की सीएच्या ऑफिसातला मुलगा फोनवर सांगतो: पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ टाका, पुढे अपूर्णविरामानंतर १५८५ टाका, लाल पान येईल, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा, ‘प्रोसीड’ दाबा. यात गैर काही नाही. १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. ब्राउझर त्याच यंत्रातल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलत असतो आणि स्वतःनंच स्वतःला दिलेल्या सर्टिफिकेटवर हरकत घेत असतो. पण दर महिन्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड, प्रोसीड’ करणारं बोट पुढे बँकेच्या नावाखाली तोच लाल पडदा आला तरी त्याच वाटेनं जातं.

हे नुसतं अनुमान नाही. देवदत्त आखवे आणि एड्रिएन पोर्टर फेल्ट या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये लोकांना दिसलेले अडीच कोटींहून अधिक इशारे तपासले. सर्टिफिकेटचा इशारा क्रोमवाल्यांनी शंभरातल्या सत्तर वेळा ओलांडला होता, फायरफॉक्सवाल्यांनी तेहतीस वेळा. मग हा फरक कसला? फायरफॉक्स एकदा दिलेली परवानगी लक्षात ठेवायचा. क्रोम तेव्हा तोच इशारा पुन्हा पुन्हा द्यायचा. एक संभाव्य कारण त्यांनी हेही सांगितलं. इशारा वारंवार दिसला की त्याची किंमत उतरते. म्हणून घरातला पुन्हा पुन्हा येणारा निरुपद्रवी इशारासुद्धा मुळातून मिटवावा, अशा मताचा मी आहे. तो निरुपद्रवी असेल, पण धोक्याच्या इशाऱ्याची धार बोथट करत असतो.

वसतिगृह किंवा ऑफिसच्या वायफायवर अशीच दुसरी गाठ पडते. काही ठिकाणची फायरवॉल येणारी-जाणारी माहिती उघडून तपासते आणि त्यासाठी प्रत्येक साइटच्या जागी स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला ते ओळखीचं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. इशारा गेला तर दोष नेटवर्कमध्ये, राहिला तर यंत्रात. अशा नेटवर्कवर पैशाचे व्यवहार करू नयेत, एवढं पथ्य पुरे.

आता खरोखरीच्या व्हायरसकडे वळू, कारण ‘काढला तरी परत येतो’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथली असते.

चेन्नईत कॉम्प्युटरचं सामान घ्यायचं तर माउंट रोडजवळची रिची स्ट्रीट, मुंबईत लॅमिंग्टन रोड. गल्ली बदलली तरी बोलणी तीच. ‘विंडोज टाकून देतो साहेब, ऑफिस फ्री, अ‍ॅक्टिव्हेशनसकट.’ अशा कोणत्याही गल्लीतून जोडून आणलेल्या कॉम्प्युटरवर काही दिवसांनी विंडोज डिफेंडरचा इशारा उगवतो: हॅकटूल, ऑटोकेएमएस. ‘रिमूव्ह’ दाबलं की जातो, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केल्यावर परत हजर. यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या कंपन्यांना शेकडो कॉम्प्युटरचे परवाने एकगठ्ठा सांभाळता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्टनं केएमएस ही पद्धत काढली. कंपनीच्या आतला एक सर्व्हर बाकीच्यांना परवाना देतो आणि तो १८० दिवस टिकतो. चोरट्या साधनानं युक्ती केली ती अशी की तुमच्याच यंत्रात असा एक खोटा सर्व्हर उभा करायचा. परवाना संपतो म्हणून तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, त्यासाठी विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये एक काम लावून ठेवलेलं असतं. डिफेंडर फाइल उडवतो. शेड्यूलरमधलं काम आणि दडवलेली प्रत तशीच राहते. ठरल्या वेळी फाइल पुन्हा तयार होते. लढाई रोज, निकाल नाही.

यावर दुकानातला उपाय रोगाहून वाईट असतो. तो डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’ यादीत त्या फोल्डरचं नाव, कधी तर अख्खा सी ड्राइव्ह, घालून देतो. म्हणजे पहारेकऱ्याला सांगायचं की या खोलीत डोकावू नकोस. इशारे थांबतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. पुढे त्या फोल्डरमध्ये काहीही येऊन बसलं तरी कोणी हटकत नाही. ही भीती कल्पित नाही: डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की केएमएसपिको नावाच्या अशाच साधनाच्या बनावट प्रतींमधून पासवर्ड आणि क्रिप्टो पाकिटं चोरणारा क्रिप्टबॉट पसरवला जात होता. तेव्हा आपल्या कॉम्प्युटरवर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, ‘मॅनेज सेटिंग्ज’ दाबून अगदी खाली एक्सक्लूजन्सची यादी पाहा. तुम्ही स्वतः काही घातलं नसेल तर ती रिकामी असली पाहिजे. रिकामी नसेल तर कोणी घातलं ते विचारा आणि काढून टाका. मग टास्क शेड्यूलरमधलं ते काम काढा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे दडून बसलेल्याला हालचालीची संधी मिळत नाही. ऑफिससाठी पैसे घालायचे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीही नीट चालवतं. चोरीचं सॉफ्टवेअर ठेवून इशारा मात्र नको, ही अपेक्षा पुरी होण्यासारखी नाही.

पेनड्राइव्हचं दुखणं याचंच धाकटं भावंड. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणली, पेनड्राइव्ह घरी लावला, इशारा आला. साफ केला, पुढच्या प्रिंटला परत. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात आणि त्यावर टिचकी मारली की कॉम्प्युटरही लागण झालेला. इथे घर कितीही झाडलं तरी उगम दुकानात आहे. प्रिंटसाठी फाइल ईमेलनं पाठवा, प्रश्न संपला. फ्लॉपी गावभर फिरवणाऱ्या आपल्या याच सवयीवर दोन शहरांत दोन उद्योग उभे राहिले, हेही सांगून टाकतो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदीच्या दशकात व्हायरस काढणारी साधनं लिहायला घेतली, त्यातून क्विक हील झालं. आणि चेन्नईत १९९१ मध्ये के-सेव्हन कॉम्प्युटिंग सुरू झाली. या दोन्ही कंपन्यांची सफाईची मोफत साधनं केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर मिळतात. हे केंद्र सर्ट-इन या सरकारी संस्थेनं फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलं. एखाद्या घरचा कॉम्प्युटर बॉटनेटमध्ये, म्हणजे भामट्यांच्या ताब्यातल्या यंत्रांच्या जाळ्यात, सापडल्याचं दिसलं तर केंद्र ते इंटरनेट कंपनीमार्फत ग्राहकाला कळवतं. तसा संदेश आला तर त्यातल्या लिंकवर जाऊ नका, केंद्राचा पत्ता स्वतः टाइप करून जा आणि साधन तिथून उतरवा.

कधी कधी चूक सरळ पहारेकऱ्याचीच असते. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. जगभरच्या विंडोज कॉम्प्युटरवर डिफेंडर ओरडू लागला की ‘हाइव्ह’ नावाचा धोका सापडला. क्रोम उघडलं की इशारा, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की इशारा, बंद करून उघडलं की पुन्हा. धोका नव्हताच, डिफेंडरच्या त्या दिवशीच्या व्याख्या-फाइलमध्ये चूक होती. काही तासांत सुधारित फाइल आली. मार्च २०२३ मध्ये विंडोज ११ वर याहून चिवट प्रकार झाला. ‘लोकल सिक्युरिटी अथॉरिटीचं संरक्षण बंद आहे, तुमचं यंत्र असुरक्षित असू शकतं’ असा पिवळा त्रिकोण आला. संरक्षण चालू केलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तरी त्रिकोण तिथेच. मायक्रोसॉफ्टनं मान्य केलं की अपडेटमधला दोष आहे, आणि एकदा चालू करून रीस्टार्ट केलं असेल तर इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा, असा सल्ला दिला. सुरक्षेचा इशारा दुर्लक्षित करा असं खुद्द कंपनीनं सांगावं, हा प्रसंग विरळाच. अशा वेळी फॉरमॅट मारण्याआधी दोन दिवस थांबावं, अपडेट घ्यावं, आणि तोच इशारा शेजाऱ्याकडेही आलाय का हे विचारावं. सगळ्यांकडे एकाच दिवशी आला असेल तर व्हायरसपेक्षा अपडेटची चूक असण्याची शक्यता अधिक.

राहिला तो इशारा, जो देणारा कोणीच नाही. घरोघरी सर्वांत जास्त छळणारा हाच.

नोकरीसाठी गिंडीत राहणाऱ्या मुलाला साताऱ्याहून वडिलांचा फोन येतो, अशी घरं कमी नाहीत. ‘अरे, पाच व्हायरस सापडलेत म्हणतंय. दर दहा मिनिटांनी येतंय.’ मुलानं विचारायचं ते एवढंच: ‘बाबा, त्या चौकटीत सगळ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा.’ डिफेंडरचा इशारा असेल तर ‘विंडोज सिक्युरिटी’ हे नाव असतं. बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि खाली कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता असेल, तर ती निव्वळ जाहिरात आहे. वेबसाइटनं अशा सूचना पाठवण्याची सोय क्रोममध्ये २०१५ मध्ये आली, बातम्या आणि चॅटसाठी. तिचा गैरवापर असा होतो: फुकट क्रिकेट किंवा नवा सिनेमा दाखवणाऱ्या साइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं येतं. वडील अलाऊ दाबतात. त्या क्षणापासून त्या साइटला कोपऱ्यात हवं ते लिहायची मुभा मिळते, ब्राउझरमध्ये ती साइट उघडी नसली तरी. अँटिव्हायरसनं हे जात नाही, कारण फाइल अशी काही नाहीच. दिलेली परवानगी आहे. ब्राउझरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, या वाटेनं जाऊन परवानगी दिलेल्या सगळ्या अनोळखी नावांपुढे ‘ब्लॉक’ करायचं. तेवढ्यानं शांत होतं. तरीही येत राहिलं तर एक्स्टेन्शनची यादी पाहायची. एक्स्टेन्शन खात्याबरोबर फिरतात, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर राहिलेलं एखादं लॅपटॉपवरही उतरू शकतं.

या जाहिरातींचा थोरला अवतार अख्खा पडदा व्यापतो. भोंगा वाजतो, इंग्रजीतला आवाज कॉम्प्युटर बंद करू नका म्हणून बजावतो, माउस सापडत नाही आणि मधोमध मायक्रोसॉफ्टच्या नावाखाली एक फोन नंबर. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरली की पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडताना ‘मागचे टॅब परत आणू का’ याला नकार द्यायचा, नाहीतर तेच पान परत येतं आणि लोक म्हणतात, बघा, व्हायरस गेलाच नाही. त्या नंबरवर पलीकडे जो माणूस असतो तो बहुधा भारतातच बसलेला असतो, हे आपल्यासाठी फारसं भूषणावह नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ऑपरेशन चक्र-२ मध्ये ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातल्या काही प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांनीच तक्रार दिली होती, कारण त्यांच्या मदत केंद्राचं सोंग घेऊन परदेशातल्या ग्राहकांना लुबाडलं जात होतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की इशारा खोटा, एवढी एक खूण आईवडिलांना पाठ करून द्या.

आणि कोणी तो नंबर फिरवला असेल, सांगितलेलं रिमोट अ‍ॅप उतरवलं असेल, कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हाती दिला असेल, तर घरात बोलणी बसतील म्हणून गप्प राहू नका. आधी वायफाय बंद करा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, बँकेला कळवा, ते रिमोट अ‍ॅप काढून टाका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. हा क्रमांक देशभर चालतो, आणि तक्रार जितकी लवकर होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.